स्टेपनीची ट्रायल

घर रिकामं करून द्यायला तीन आठवडे उरले होते आणि आईनं अट घातली, की आधी मांजरीला नेऊन बघायचं. लेकीच्या घरी स्टेपनी रमली तर आपणही येऊ, नाही रमली तर पुढचं पुढे. आईच्या तोंडून 'पुढचं पुढे' आलं की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे लेकीला चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवानं पाठ होतं. तरी तिनं मान डोलावली. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, सह्या झाल्या होत्या, सामानाच्या ट्रकची तारीखसुद्धा ठरली होती. फक्त तो ट्रक जाणार कुठे, हे एका मांजरीवर येऊन अडकलं होतं.

लेक राहायची साडेपाचशे किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावर, एकटी. तिथल्या एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबा म्हणून सांगायचं, हा तिचा धंदा. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत, तू एकटी राहू नयेस, तुझी काळजी वाटते, असं तिनं आईला निदान चौदा वेळा ऐकवलं होतं. भाऊ समुद्रापलीकडे होता. तो फोनवर दोघींनाही वेगवेगळं 'तुझं बरोबर आहे' म्हणायचा. बाबा त्याला न्यूट्रल म्हणायचे.

बाबांचं सगळं तसंच होतं. चौतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि घरातल्या प्रत्येकाला गाडीतलं काहीतरी करून ठेवलं. लेक हँडब्रेक, कारण कुठलीही गोष्ट ठरली की ती आधी थांबा म्हणायची. आई हॉर्न, पण हे म्हणायचे ती स्वयंपाकघरात असतानाच. आणि मांजर स्टेपनी, कारण आठ वर्षांपूर्वी पंक्चर झालं म्हणून त्यांनी डिकी उघडली, तर स्टेपनीच्या मधल्या खळग्यात मुठीएवढं करडं पिल्लू गाढ झोपलेलं. बाबांनी त्या दिवशी चाक बदललं नाही. ते तीन किलोमीटर चालत घरी आले आणि दूध घेऊन परत गेले. तेव्हापासून स्टेपनी मागच्या काचेशी बसून प्रत्येक शिकवणीला हजर असायची. नवा विद्यार्थी घाबरला की बाबा सांगायचे, मागं बघू नका, परीक्षक बसल्यात.

गाडी होती शिकवणीची, त्यामुळे बाजूच्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक. त्या ब्रेकनं बाबांनी निम्म्या गावाचे प्राण वाचवले होते, असं ते म्हणायचे. उरलेल्या निम्म्यानं शिकवणीच समोरच्या स्कूलमध्ये लावली होती. आपल्या माणसाला आपण शिकवायचं नाही, हा मात्र त्यांचा नियम. गाडी तरी मोडते नाहीतर घर, आणि विमा फक्त गाडीचा असतो, हे त्यामागचं शास्त्र. म्हणून दोन्ही मुलांना त्यांनी त्या समोरच्यांकडेच पाठवलं, ज्यांच्याशी त्यांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. आईला तिथंही पाठवलं नाही. तुला कुठं जायचंय सांग, मी सोडतो, म्हणायचे. माणूस प्रेमळ होता, त्यामुळे या वाक्यावर धड भांडताही यायचं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मांजरीला रिकाम्या पोटी न्या, आणि फारच गडबड करील असं वाटलं तर निघण्याआधी तासभर ही अर्धी गोळी द्या, शांत पडून राहील. लेकीनं घरी येऊन आईला पहिली गोष्ट सांगितली. दुसरी सांगितली नाही.

सकाळी सात वाजता त्या निघाल्या. मागच्या सीटवर नवी कोरी प्लॅस्टिकची पेटी, तिच्यात बाबांचा जुना स्वेटर, स्वेटरवर स्टेपनी. गल्लीच्या टोकापर्यंत ती गप्प होती. गाव संपलं, मोठा रस्ता लागला, लेकीनं चौथा गिअर टाकला आणि मागून असा काही आवाज निघाला, की पुढच्या सायकलवाल्यानं बाजूला होऊन रस्ता दिला. लेकीच्या फोनमध्ये आवाज मोजायची सोय होती. अठ्ठ्याऐंशी डेसिबल. एवढ्या आवाजात दिवसभर काम करणाऱ्या कामगाराला कानात बोळे देणं मालकावर बंधनकारक आहे, असं तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, मग मालकिणीनं गाडी जरा हळू हाणावी.

आई बसली होती बाबांच्या जागेवर. तिचे पाय नको तिथं पोचत होते. दूरवर ट्रक दिसला की गाडी गचका खाऊन मंदावायची, लेक आरशात बघून देवाचा धावा करायची आणि आई खिडकीबाहेर शेतं बघत असायची. पाय काढ म्हटलं तर म्हणाली, मी कुठं काय केलं, गाडीच बिचकली. हे चौदा किलोमीटरांत नऊ वेळा झालं. या वेगानं आपण पोचू तेव्हा घर घेणाऱ्या माणसाची मुलं कॉलेजात गेलेली असतील, असा हिशोब लेकीनं मनात केला आणि मनातच ठेवला.

चाळिसाव्या किलोमीटरला आवाज एकदम थांबला. मग एक वेगळाच आवाज आला, पोटाच्या तळातून पाणी उपसल्यासारखा. लेकीनं गाडी बाजूला घेतली, दार उघडलं, पेटी उघडली. बाबांचा स्वेटर वाया गेला होता. स्टेपनी पेटीच्या कोपऱ्यात, झाल्या प्रकाराशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं बसली होती.

दोघी वाकून बघत राहिल्या. ती अर्धा किलो मासळी होती, बघताक्षणी ओळखू येणारी. आणि त्या मासळीच्या मधोमध, नीट कापलेली, जेमतेम विरघळू लागलेली अर्धी पांढरी गोळी.

"हे काय आहे?" आई म्हणाली.

"आधी हे काय आहे ते सांग. रिकाम्या पोटी न्यायची होती ना?"

"भूक लागली होती तिला."

"सकाळी सहाला? अर्धा किलो?"

आईनं पदरानं नाक झाकलं आणि पदराआडून म्हणाली, "तू तिला गुंगीचं औषध घातलंस. बापाच्या मांजरीला."

"आणि तू तिला ओकायला लावायला निघालीस. नवऱ्याच्या मांजरीला."

लेकीचा डाव होता मांजर पास करायचा, आईचा नापास करायचा, आणि दोन्ही डाव एकाच उलटीत बाहेर पडले होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. लेकीला हसू आलं, पण आईकडे बघितल्यावर तिनं ते गिळलं. बाटलीतल्या पाण्यानं पेटी धुतली. स्वेटर धुण्यापलीकडे गेला होता. तो हातात धरून ती जरा वेळ उभी राहिली. मग आईच म्हणाली, टाक तो, ते असते तर त्यांनीही टाकला असता, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच घालून बसले असते, सांगता येत नाही. लेकीनं स्वेटर पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. टाकला नाही. डिकीत ठेवला.

पेटीत परत जायला स्टेपनीनं साफ नकार दिला, म्हणून तिला मोकळं सोडलं. ती तिच्या नेहमीच्या जागी, मागच्या काचेशी जाऊन बसली आणि गाडी निघताच पुन्हा सुरू झाली. आता एक्क्याण्णव डेसिबल. आई म्हणाली, पोट रिकामं झाल्यानं छातीत जागा झाली असेल.

पुढे एका पुलाचं काम चालू होतं. तासभर गाड्या इंचाइंचानं सरकत होत्या. थांब, सोड, थांब. एकदा लेकीचा क्लचवरचा पाय दमून सुटला आणि गाडी मोठा गचका देऊन बंद पडली. तिनं ती पुन्हा चालू केली, पुन्हा थांबवली. मग लक्षात आलं, की बऱ्याच वेळात कुणी ओरडलेलं नाही. आरशात पाहिलं तर स्टेपनी पुढचे पंजे पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून बसली होती.

पूल ओलांडला, वेग आला, की आवाज परत.

कोडं आईला सुटलं. ही आठ वर्षं गाडीत बसतेय, पण गाडी नीट चाललेली हिनं कधी पाहिलीय? तिसऱ्या गिअरच्या पुढचं जग तिला ठाऊकच नाही. जी गाडी दर दोन मिनिटांनी बंद पडत नाही, ती तिच्या मते बिघडलेली आहे.

लेकीला हे पटलं आणि पटल्याचा राग आला. तरी करून बघायला हरकत नव्हती. मोठ्या रस्त्याला लागूनच जुना रस्ता जात होता, नवा झाल्यापासून ओस पडलेला, दोन्ही बाजूंना झाडं, मधे गवत. तिनं गाडी तिकडे घेतली आणि मुद्दाम वाईट चालवायला सुरुवात केली. क्लच झटक्यात सोड, विनाकारण ब्रेक मार, दुसऱ्याच्या ऐवजी चौथा टाक. बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला हे सोपं नसतं. स्टेपनीनं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मग पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत सूर लावला. नाटक तिला कळत होतं.

आई बराच वेळ पर्समध्ये काहीतरी चाचपत होती. आता तिनं एक घडी घातलेला कागद काढून डॅशबोर्डवर ठेवला. लेकीनं गाडी थांबवून तो उलगडला. वर आईचा फोटो, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवलेला चेहरा. कच्चं लायसन्स होतं. अडीच महिन्यांपूर्वीचं.

"उतर," आई म्हणाली. "इकडे ये. मी खरीच वाईट चालवते."

लेक उतरली. गाडीला पुढून वळसा घालून ती बाबांच्या सीटवर येऊन बसली. आईनं सीट पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, इतकी की पोट स्टिअरिंगला टेकलं, आरसा स्वतःकडे वळवून केस सारखे केले आणि मग आरसा जागेवर नेला. गाडी तीन वेळा बंद पडली. चौथ्यांदा सशासारख्या उड्या मारत निघाली. मागच्या काचेशी स्टेपनीनं अंग सैल सोडलं, जांभई दिली आणि ती झोपली.

वीसच्या वेगानं जाताना माणूस बोलू शकतं. आईनं रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, की समोरचे येऊन गेले होते. तेच, ज्यांच्याशी बाबा बोलत नव्हते आणि जे अंत्ययात्रेत सख्ख्या नातेवाइकांपेक्षा मोठ्यानं रडले. तेराव्या दिवसानंतर आले, खुर्चीत बसले, काय बोलावं कळेना तेव्हा म्हणाले, वहिनी, काही लागलं तर सांगा. लोक म्हणतात तसं म्हणाले बिचारे. आई म्हणाली, लागतंय, गाडी शिकवा. त्यांच्या हातातला चहा सांडला.

लेकीनं विचारलं, तू मला का नाही सांगितलंस. आई म्हणाली, सांगितलं असतं तर तू आधी थांब म्हणाली असतीस. या वयात, या गुडघ्यांनी, या रहदारीत. लोकांचे कान तपासतेस, पण घरच्यांनी काही सांगायला तोंड उघडलं की तुझं सुरू होतं.

"टेस्ट कधी आहे?"

"एकोणीस तारखेला. आठचा आकडा काढायचा. माझा सहा निघतो."

ट्रकची तारीख चौदा होती. लेकीनं मनात दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या आणि मासळीचं कारण तिला कळलं. बाबांच्या आठवणी, घराच्या भिंती, शेजारपाजार, गेले पाच महिने ती ज्या ज्या गोष्टींशी भांडत होती, ते त्यांतलं काहीच नव्हतं.

साडेपाचशे किलोमीटर कापायला त्यांना दोन दिवस लागले. जिथं जिथं जुना रस्ता मिळाला तिथं आई, जिथं नाही तिथं लेक आणि एक्क्याण्णव डेसिबल. मधल्या मुक्कामाच्या लॉजवर जनावरांना बंदी होती. स्टेपनी शालीत गुंडाळून आत गेली. मालकानं चौकशी केली तेव्हा आई म्हणाली, पोट दुखतंय, शेकायची पिशवी आहे. पिशवीनं मालकाकडे टवकारून बघितलं. मालकानं किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोचल्या. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर स्टेपनी पलंगाखाली गेली. चाळीस मिनिटांनी बाहेर आली, खुर्च्यांचे पाय हुंगले, पुस्तकांचं कपाट हुंगलं, चपला हुंगल्या. लेकीनं प्रवासाचे कपडे मशीनला लावले होते. मशीन जुनं होतं, कपडे पिळताना ते धडधडत फरशीवरून पुढे चालायचं. स्टेपनीनं ते ऐकलं, स्वयंपाकघरात गेली, उडी मारून मशीनवर चढली आणि त्या थरथरत्या पत्र्यावर अंगाचं वेटोळं करून झोपली.

"रमली," आई म्हणाली.

लेक अगदी सहज विचारल्यासारखी म्हणाली, मग ट्रकवाल्याला इकडचाच पत्ता देऊ ना.

आईनं चहाचा कप ठेवला. मी स्टेपनी रमली, एवढंच म्हणाले, ती म्हणाली. मग सांगितलं, की समोरच्यांच्या स्कूलच्या वर दोन खोल्या आहेत, रिकाम्या, उजेडाच्या. खाली ऑफिसात त्यांना माणूस हवंय, फोन घ्यायला, पोरींना धीर द्यायला. बायका शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी रडतात. सामान तिथं जाईल, चौदा तारखेलाच. हे सगळं ठरून गेलं होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं.

लेक म्हणाली, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, लोक म्हणतील म्हातारी समोरच्याकडे गेली. जाऊ दे. तो माणूस जेवताना मचमच आवाज करतो, तसला एक झाला, पुरे झाला. असं म्हणून ती स्वतःच हसली आणि मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

"पण मला तुझी काळजी..." लेकीनं सुरुवात केली.

"काळजी, काळजी. मला काय धाड भरलीय?"

स्वयंपाकघरात मशीन थांबलं. स्टेपनीनं डोकं वर करून निषेध नोंदवला. लेक उठली, कपडे काढायला म्हणून गेली, आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली,

"काळजी नाही वाटत मला तुझी. अजिबात नाही. बाबा रोज साडेसातला फोन करायचे. आता साडेसात वाजले की मी भांडी घासते. घासलेलीच. मला तू हवी आहेस म्हणून नेत होते."

हॉर्न एवढा वेळ बंद राहिल्याचं लेकीच्या आठवणीत नव्हतं.

"हे आधी बोलली असतीस," आई अखेर म्हणाली, "तर ती मांजर तरी सुखानं आली असती."

मग उठून लेकीच्या शेजारी उभी राहिली आणि ओले कपडे झटकून एकेक तिच्या हातात देऊ लागली. येणार नाही, म्हणाली. राहायला येणार नाही. साडेसातला फोन करीन. त्यांच्यासारखं गप्प बसून ऐकून घेणं मला जमायचं नाही, मीच बोलेन, कंटाळा आला तर भांडी घास. आणि मांजर ठेव. तिला परत साडेपाचशे किलोमीटर न्यायची म्हणजे पुन्हा तुझी गोळी आणि माझी मासळी, एवढं माझ्यानं व्हायचं नाही. पक्कं लायसन्स मिळालं की मी येत जाईन.

"एवढ्या लांब? गाडी घेऊन?"

"सावकाश येईन."

न्यूट्रलचा फोन आला, ट्रायलचं काय झालं विचारायला. लेकीनं सांगितलं, मांजर राहतेय, आई जातेय. तो म्हणाला, तुमचं दोघींचं बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.

दोन दिवसांनी सकाळी त्या परत निघाल्या. स्टेपनीला खालची शेजारीण बघणार होती. शहराबाहेर पडेपर्यंत मी चालवते, आईनं जाहीर केलं, सिग्नलची सवय नाही मला, टेस्टला विचारतात. लेकीनं शक्य तितका लहान रस्ता निवडला. तरी एक मोठा चौक टळत नव्हता, आणि त्याच चौकात, हिरवा दिवा लागता लागता, गाडी बंद पडली. चालू केली, बंद पडली. दिवा लाल झाला. पुन्हा हिरवा, पुन्हा तेच. मागे रांग लागली. सगळी रांग हॉर्न वाजवू लागली. लेक म्हणाली, आई, मी घेते. आई म्हणाली, बस तिथंच. तिच्या ओठावर घाम आला होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते.

लेक उतरली. मागच्या व्हॅनचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिनं त्याला ओळखलं. गेल्याच महिन्यात डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून आला होता. ती खिडकीपाशी गेली आणि त्याच्या उजव्या कानात म्हणाली, यामुळेच गेलाय डावा. त्यानं हात काढला. मग ती चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून तिन्ही बाजूंच्या गाड्या तिनं थांबवल्या. असं तिनं यापूर्वी कधी केलं नव्हतं, आणि थांबलेल्या लोकांना तिच्याकडे पाहून तसं मुळीच वाटलं नाही. दिव्याचा रंग कुठला होता हे नंतरही तिला आठवेना. तिनं आईला मान हलवून खूण केली.

गाडीनं एक उडी मारली, दुसरी मारली आणि निघाली. लेकीच्या शेजारून गेली, तेव्हा आईचे डोळे सरळ पुढे होते आणि ओठ हलत होते, बहुधा क्लच, क्लच, म्हणत असावी. चौक ओलांडला. पलीकडे थांबायचं होतं. ती थांबली नाही. थांबली तर पुन्हा सुरू होईल याची तिला खात्री नसावी. पोस्टाची पेटी मागे पडली, औषधाचं दुकान मागे पडलं, गाडीच्या पाठीवरची लाल 'एल'ची पाटी लहान होत गेली.

लेकीनं हात खाली घेतले. गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागल्या. आता धावायला हवं होतं. बापाच्या सीटवर कुणीच नव्हतं, आणि कच्च्या लायसन्सवर एकटीनं गाडी चालवणं गुन्हा आहे, हे तिला नीट ठाऊक होतं. दूर, चार दुकानांपलीकडे, गाडी फुटपाथला तिरकी लागून उभी राहिली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि, ये की, किती वेळ, अशा थाटात हलू लागला.

तिनं साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि ती चालत निघाली.